पेंढ्याच्या गाद्यांवरचा मे

एप्रिल अर्ध्यावर आला की आमच्या आळीत पेंढा येतो. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी थांबतो, मागची फळी धाडकन खाली पडते आणि भाताच्या पेंढ्याचे भारे शेजारच्या पडवीत रचले जातात. लाकडी पेट्या जाऊन पुठ्ठ्याचे खोके आले, गिऱ्हाईक फोनवरून आंबा मागवायला लागलं, तरी फळ पिकायचं तर त्याला पेंढ्याचीच ऊब लागते. दोन दिवसांत साऱ्या आळीला तो कोरडा, गोडसर, नाकात किंचित टोचणारा वास लागतो. लोकांना त्या वासानं आंबा आठवतो. मला पाठी आठवतात. बत्तीस मुलांच्या, गाद्यांवर धपाधप आपटणाऱ्या पाठी.

त्या गाद्यांत पेंढाच भरलेला होता. पाष्टे सरांनी त्या स्वतः शिवल्या होत्या. जाड मांजरपाटाची खोळ, आत ठासून भरलेला पेंढा आणि वीतभर अंतरावर दुहेरी टाके. सर कुंग फू शिकवायचे सकाळी साडेसहा ते आठ. साडेनवाला ते बसस्टँडच्या मागच्या बोळातल्या आपल्या दुकानात शिवणयंत्रावर बसलेले असत. शर्ट-पँट, शाळेचे गणवेश, आणि लग्नसराईत नवरदेवांचे कोट. अठराव्या वर्षी ते लांज्याजवळच्या आपल्या गावातून मुंबईला गेले, परळच्या एका कारखान्यात कापड बेतायला लागले. त्याच इमारतीच्या गच्चीवर एक गृहस्थ संध्याकाळी मुलांना कुंग फू शिकवत. सर बारा वर्षं त्या गच्चीवर गेले. वडील वारले आणि घरी शेतीकडे बघायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते परत आले ते दोन विद्या घेऊन, आणि दोन्ही त्यांनी रत्नागिरीत चालवल्या.

त्या दोन विद्या त्यांच्या अंगात इतक्या मिसळलेल्या होत्या की कुठली कुठे संपते ते कळत नसे. सातवीत असताना मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्याकडे नुसतं बघून ते म्हणाले होते, "डावा खांदा अर्धा इंच खाली हाय. दप्तर त्याच खांद्याला लावतेस ना?" वर्गातही टेप त्यांच्या गळ्यात असे. मुलं घोड्याच्या बैठकीत उभी राहिली, म्हणजे पाय फाकवून, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, की सर खाली बसून दोन टाचांमधलं अंतर टेपनं मोजत. "तुझ्या मापाला दोन इंच जास्त झालं. आत घे." प्रत्येकाचं माप वेगळं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. मला ते कळायला एक अख्खा मे महिना लागला.

सतरा वर्षं झाली त्याला. मी एकवीस वर्षांची होते, बी.एस्सी.चा शेवटचा पेपर नुकताच दिला होता, आणि सरांनी मला पहिल्यांदाच दुसरी शिक्षिका म्हणून मुलांपुढे उभं केलं होतं. कमरेला काळा कापडी पट्टा, तोही सरांनीच शिवलेला. मुलं मला ताई म्हणत. त्या एका हाकेनं मी वीतभर उंच झाले होते.

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरे. खिडकीतून भाट्याच्या खाडीचा एक तुकडा दिसायचा, सकाळी करडा, आठ वाजेपर्यंत डोळ्यांना खुपणारा पांढरा. मुलं दोन तऱ्हेची होती. एक आमची, इथलीच, सायकलवरून येणारी. दुसरी मुंबईची, सुट्टीत आजोळी आलेली, नवेकोरे बूट घालून आजोबांच्या स्कूटरवरून उतरणारी. पहिले चार दिवस दोन्ही गटांनी एकमेकांची यथेच्छ टिंगल केली. सर आकडे मोजायचे ते गावाकडच्या हेलात, "येक... दोन... तीऽऽन..." त्यातला 'तीन' असा लांबायचा की तेवढा वेळ गुडघे वाकवून उभं राहणाऱ्याचे प्राण कंठाशी येत. मुंबईची मुलं त्याची नक्कल करत आणि हसत. आठवड्याभरात सगळी बत्तीस मुलं तसंच मोजायला लागली. एका आईनं तक्रार केली की तिचा मुलगा आता पाढेही तसेच म्हणतो.

आणखी एक तक्रार असायची. पहिले दहा दिवस सर बैठक आणि पडणं यांखेरीज काही शिकवत नसत. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, खांद्यावरून कलंडायचं, उठायचं. हात पुढे टेकायचा नाही. कधीच नाही. मुलं गाद्यांवर पडत, पेंढ्याचा धुरळा उडे, कुणीतरी शिंकत राही. एक वडील एकदा न राहवून म्हणाले, "सर, दहा दिवस झाले, पोरगं नुसतं पडतंय. लाथाबिथा कधी?"

सर हसले. "लाथ मारायची येळ आयुष्यात येकदा येईल, नायतर येणारच नाय. पडावं मात्र सगळ्यांनाच लागतं."

या बत्तीस मुलांत तन्वी होती. डोंबिवलीची, दहा वर्षांची. दोन वेण्या, चष्मा, आणि तो पडू नये म्हणून मागे बांधलेलं इलॅस्टिक. शहराबाहेर सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळाच्या, कडेला तिच्या आजोबांची, नानांची, हापूसची बाग होती, आणि ती आईबरोबर सुट्टीला आली होती. बैठक ती सगळ्यात चांगली करायची. सरांनी टाचांचं अंतर एकदा मोजून दिलं की दुसऱ्या दिवशी बरोबर तिथेच तिचे पाय. पण पडायची वेळ आली की ती आधी गादीवर बसायची, मग हळूच आडवी व्हायची, जशी दुपारी जेवणानंतर कुणी लवंडावं तशी. मुलं हसायची. ती चष्मा सारखा करून पुन्हा रांगेत जायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

"सर, हिला मी बघू का?" मी एकदा विचारलं.

"काय बगणारेस?"

"तिची भीती घालवते."

सरांनी गळ्यातला टेप नुसता एका बाजूनं दुसरीकडे ओढला. "कापड आटायचं ते आपल्या येळेनं आटतं, मेघना. ओढून काय होत नाय. तिला तिचा येळ घेऊ दे."

मला ते पटलं नाही. एकविसाव्या वर्षी भीती म्हणजे मला अंगावर बसलेली धूळ वाटायची. एक फटका मारला की उडेल.

तो महिना आठवतो तो असा तुकड्यातुकड्यांनी. सकाळी हॉलमधल्या फरशीचा तळपायांना गार स्पर्श, वर्ग संपेस्तोवर तीच फरशी घामानं चिकट झालेली. मुलांनी खिशातून आणलेली करवंदं, पांढऱ्या गणवेशावर त्यांचे जांभळे डाग, आणि त्यावर सरांचं खास शिंप्याचं रागावणं. वर्ग संपला की पायऱ्यांवर बसून प्यायलेलं कोकम सरबत. वारा पडलेला असायचा. माडाची झापं हलायची नाहीत. आणि या सगळ्यातून मी, पट्टा आवळून, पाठीला हात बांधून रांगांमधून फिरणारी. आज त्या एकवीस वर्षांच्या मुलीला रस्त्यात गाठून बाजूला घ्यावं असं वाटतं. पण ती माझं ऐकणार नव्हती.

मेच्या दुसऱ्या रविवारी पालकांना बघायला बोलावलं होतं. त्या सकाळी सहाला सरांचा फोन आला. एका नवरदेवाचा कोट खांद्यात बसत नव्हता, दहाचा मुहूर्त होता, सर रात्रभर यंत्रावर होते. "मी साडेसातपर्यंत येतो. तू सुरू कर. नेहमीचंच घे. नवीन काय नको, समजलं?"

"हो सर."

मी मुलांना रांगेत उभं केलं आणि सांगितलंही, "सर उशिरा येणारेत. आपल्याला नेहमीचंच करायचंय असं त्यांनी सांगितलंय." बत्तीस मुलांनी ते ऐकलं.

मग पालक यायला लागले. खुर्च्या भरल्या. कुणी फोन काढून फोटो घ्यायला लागलं. बैठका झाल्या, ठोसे झाले, पडणं झालं, आणि मला दिसलं की मागच्या रांगेतले दोघे जांभया देतायत. तेवढंच झालं. दोन जांभया. मी तीन मुलांना गादीच्या कडेला ओणवं बसवलं आणि जाहीर केलं की आता या तिघांवरून झेप घेऊन कोलांटी मारायची. मोठ्या मुलांनी मारली. टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या चढल्या. एकेक करत मी सगळ्यांना पाठवत गेले आणि तन्वी पुढे आली.

"ताई, मला नको."

"जमेल गं. धाव."

"मला नको, ताई."

"आई बघतेय ना? भ्यायचं नाही. चल!"

ती धावली. चांगली धावली. पण झेप घेता घेता तिनं खाली बघितलं आणि पडताना हात पुढे टेकला. काही आवाज झाल्याचं मला आठवत नाही. आठवतो तो तिचा चष्मा, इलॅस्टिकसकट निसटून फरशीवरून घसरत खिडकीखाली जाऊन थांबलेला. मी तो आणायला गेले. तिच्याकडे नाही, आधी चष्म्याकडे गेले. हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही.

रिक्षातून आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. मनगटाच्या वरचं हाड मोडलं होतं. आत प्लॅस्टर चाललेलं असताना नाना आले, उंच, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर घाम. पाठोपाठ सर आले, हॉलवर जाऊन सगळं ऐकूनच. त्यांच्या कॉलरला निळा दोरा चिकटलेला होता.

"कोणी करायला सांगितलंन हे पोरीला?" नाना म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मी तोंड उघडलं.

"मी," सर म्हणाले. "मीच सकाळी फोनवर सांगितलं होतं, तिघांवरून करून घे म्हणून. चूक माझी हाय, नाना."

मी तोंड मिटलं.

एवढंच. त्या दिवशी मी जे केलं त्याचं आणखी वर्णन करता येत नाही. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. तन्वीची आई भिंतीकडे तोंड करून उभी होती. सर नानांसमोर मान खाली घालून उभे होते, आणि मी, पट्टा बांधलेली, त्यांच्या पाठीमागे लपले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी हॉल बंद केला. "सुट्टीतले वर्ग बंद" असा कागद दारावर लागला. गाद्या सरांनी हातगाडीवरून दुकानात नेल्या. बाबांनी विचारलं, "आज क्लास नाही?" मी म्हटलं, "सरांचं काहीतरी चाललंय." दुसऱ्यांदा सगळं त्यांच्यावर ढकललं, आणि तेही किती सहज. घरात फणस फोडलेला होता, आई हाताला तेल लावून गरे काढत होती, मी शेजारी बसून आठळ्या वेगळ्या करत होते, आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं: सर स्वतःहून बोलले, मी थोडंच सांगितलं होतं त्यांना? हे वाक्य मी चार दिवस चघळलं. चौथ्या दिवशी त्याला चव राहिली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सरांनी मला दुकानात बोलावलं. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, भिंतीला टेकवलेल्या आमच्या गाद्या आणि मधोमध यंत्र. त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. मऊ मलमलीची झोळी होती, हात गळ्यात अडकवायला. मानेकडच्या पट्ट्याला आतून कापूस भरलेला, काचू नये म्हणून. टाके इतके बारीक की दिसत नव्हते.

"डॉक्टरानं दिलेली असते ती टोचते. ही नेऊन दे. मला दुकान सोडता येत नाय."

"सर..."

"अंदाजानं केलीय. मोठी झाली तर परत आण." यंत्राचं चाक फिरलं.

नानांच्या घरी मी सायकलनं गेले. सड्यावरचा रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्याचे दगड रचून केलेले गडगे, ऊन आत्ताच पाठीवर बसलेलं. अंगणातल्या मांडवात बायका आंबे निवडत होत्या. तन्वी ओटीवर बसली होती, प्लॅस्टरवर मामेभावंडांनी रंगीत पेनांनी मासे काढले होते.

झोळी तिला बरोबर बसली. तिच्या आईनं गाठ मारली, आणि आत जायला वळली. तेव्हा मी बोलले. कसं सुरू केलं आठवत नाही. शेवट आठवतो. "सरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी उलट नको म्हटलं होतं. मी केलं."

नाना खांबाला टेकून सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला नाही. "ठाऊक आहे आम्हाला," ते म्हणाले. "तन्वीनं त्याच दिवशी सांगितलंन. सरांनी नेहमीचंच करायला सांगितलंय, असं ताईच म्हणाली होती."

मी म्हटलं, "मग तुम्ही सरांना..."

"गेलो होतो की दुसऱ्याच दिवशी दुकानात. म्हटलं, पाष्टे, तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात. तर म्हणाला, 'नाना, चार दिवस कळ काढा. ती येईल.' म्हटलं, आणि नाही आली तर? तर यंत्र चालू करून बसला."

"आज पाचवा दिवस," मी म्हटलं. "आणि मी आपण होऊन नाही आले. सरांनीच पाठवलं, झोळी द्यायला."

"झोळी द्यायला पाठवलंन," नाना म्हणाले. "बोलायला नाही."

तन्वीची आई दारातच उभी होती. ती म्हणाली, "हे बघ, माझे बाबा विसरतील. मला इतक्यात जमणार नाही. रात्री कूस बदलताना ती रडते, ते मला ऐकू येतं." मी मान हलवली. तिचं हे बोलणं नानांच्या मायेपेक्षा मला जास्त उपयोगी पडलं, असं आता वाटतं.

मग मी तन्वीजवळ बसले. "तू नको म्हणत होतीस. मी ऐकायला हवं होतं."

"मी दोनदा म्हटलं होतं," तन्वी म्हणाली.

"हो. दोनदा."

"तुझा हात मोडलाय कधी?"

"नाही."

"मग तुला माहीत नाही," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. एखाद्याला पोहता येत नाही हे सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि प्लॅस्टरवरचा कुठला मासा तिनं स्वतः डाव्या हातानं काढलाय ते दाखवायला लागली.

परत येताना मी थेट दुकानात गेले. सर बटणं लावत होते.

"बसली नीट?"

"बसली. सर, का केलंत असं?"

त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्या घडीला नाना तुला बोलले असते ते सगळ्यांच्या देखत. तू कोसळली असतीस. मी म्हटलं, आधी उभी राहू दे."

"पण तुमचा हॉल गेला. लोक तुम्हाला..."

"खोटं मी बोललो, ते माझं. तू गप्प राहिलीस, ते तुझं. माझं मी बगतो," सर म्हणाले. मग शर्टाची घडी घालता घालता, "मलाबी वाटलं होतं चवथ्या दिवशी, की माझं माप चुकलं."

हे ऐकून मी त्या दहा बाय आठच्या खोलीत, गाद्यांना टेकून, मोठ्यानं रडले. बाहेर एक गिऱ्हाईक नाडीचा लेंगा घेऊन उभं होतं. सर त्याला म्हणाले, "वाईच थांबा. आतमधी माप घेणं चाललंय."

हॉल परत मिळाला नाही. नाना स्वतः जाऊन बाईंशी बोलले, तरी नाही. बाईंचंही चुकलं नव्हतं. मग उरलेले पंधरा दिवस आम्ही सड्यावर वर्ग घेतला. बत्तीसातली सतरा मुलं आली. पहाटे सहाला तो काळपट, खडबडीत कातळ अंगावर गारवा राखून असतो. दूरवर एकही झाड नाही, आणि समुद्र दिसत नाही पण आहे हे कळतं. तिथे पडणं शक्यच नव्हतं, नुसत्या बैठका आणि हातांचे प्रकार. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना खाली बसवलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. सरांनी काय सांगितलं होतं, मी काय केलं, नंतर कशी गप्प राहिले. मुलं ऐकत होती. मग आमच्यातलाच एक, सायकलवरून येणारा, म्हणाला, "ताई, आम्हांला म्हायतीच होतं. आता सुरू करूया काय? कातळ तापतोय."

महिनाअखेरीच्या रविवारी सरांनी तिथेच मुलांची परीक्षा घेतली. तन्वी आली होती, नानांच्या स्कूटरवरून, झोळीत हात घालून. ती परीक्षेला बसणार नव्हती. पण सगळी मुलं बैठकीत उभी राहिली तेव्हा तीही कडेला उभी राहिली, एका हाताची मूठ कमरेला, दुसरा झोळीत. सर टेप घेऊन रांगेतून फिरत आले आणि तिच्यापाशी खाली बसले. मोजलं. उठले आणि पुढे गेले. दुरुस्त करायला काही नव्हतं.

पुढच्या मेमध्ये ती आली नाही. नाना बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, पोहायला लागली आहे, आता सुट्टीतही सराव असतो. हात अगदी सरळ जुळला आहे. मला आनंद झाला. तिला मी पुन्हा कधीच पाहिलं नाही. सत्तावीस वर्षांची असेल आता. रस्त्यात समोर आली तर ओळखणार नाही.

मी इथेच राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, आणि दर सुट्टीत सकाळचा वर्ग घेते. गाद्या आता फोमच्या आहेत, एकमेकींत अडकणाऱ्या, निळ्या आणि लाल. त्यांना कसलाच वास नाही. पालक फोनवरच्या गटात विचारतात, मुलगी कुठपर्यंत आली, पट्टा कधी मिळेल. मी उत्तरं देते. कधी कधी रांगांमधून फिरताना एखादं मूल पुटपुटतं, "ताई, मला नको," आणि मी थांबते. लोकांना वाटतं ताई फार मऊ आहे. असू दे.

सरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं आणि गावी गेले. बारीक टाका घालता येत नाही म्हणजे मग शिवायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी वर्ग सुरू झाला की मी एसटीनं लांज्याला उतरते, तिथून रिक्षा करते, आणि त्यांना भेटून येते. परवाच्या रविवारी गेले होते. काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या, सर खळ्यात बाजेवर बसून त्यांवरची कोंबडी हाकलत होते. आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. पाठ अजून ताठ.

चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "किती पोरं हायत यंदा?"

"छत्तीस."

"भिणारी?"

"सात."

"नावं सांग."

मी नावं सांगायला लागले. श्रेया, जिला उंचीवरून उतरायची भीती वाटते. पार्थ, ज्याला सगळ्यांनी बघितलं की काही सुचत नाही. सर डोळे मिटून ऐकत होते, एकेका नावाला मान हलवत. पाचव्या नावाशी त्यांनी हात वर केला.

"ह्या ईशानचं काय म्हणालीस?"

"कुणी मागून आलं की दचकतो, सर. खूप दचकतो. का ते मला अजून कळलेलं नाही."

"कळंल, नायतर नाय कळणार," सर म्हणाले. "तू त्याच्याकडं फुडनंच जा. ह्या मेपुरतं तरी."

मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "हं. सहावं कोण?"